भिजलेली चांदी

आधी पट्टीबंधक काकांचं सांगते, मग घोडीचं. उलट क्रमानं सांगितलं की लोकांच्या लक्षात माझा मूर्खपणा तेवढा राहतो आणि काका राहून जातात, असा मला अनुभव आहे.

काका जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. मलमपट्टी करायची, बैलाला खाली पाडून पाय बांधायचे, लाथा मारणारी म्हैस धरून ठेवायची, ही सगळी त्यांची कामं. निवृत्त झाल्यावर ते आमच्या गल्लीत येऊन राहिले. गाव त्यांना डॉक्टर म्हणतं आणि ते दर वेळी समोरच्याला थांबवून सांगतात, "डॉक्टर न्हाई, पट्टीबंधक. डॉक्टर जनावराच्या बाजूला ऱ्हातो, पट्टीबंधक जनावराच्या खाली." घोडी आज दावणीला उभी आहे ती त्यांच्यामुळे. आणि मी या घरात ताठ मानेनं चहा ठेवते, तेही त्यांच्यामुळेच.

मी इकडची नाही. माझं माहेर रत्नागिरीकडं, समुद्राला लागून. आठवीनंतर शाळा सुटली आणि काजूच्या कारखान्यात बिया सोलायला बसले. आमच्याकडं रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला परभणी जिल्ह्यातला एक माणूस आला. त्यानं माझ्या वडलांशी आधी पावसावर बोलणं काढलं, मग लग्नावर. मी सेलूच्या स्टेशनवर उतरले तेव्हा पहिल्यांदा इतकं सपाट आणि इतकं काळं रान पाहिलं. डोंगर कुठे आहे म्हणून विचारलं, तर नवरा म्हणाला, "डोंगर कशाला पायजे? समोरचं दिसत न्हाई त्यानं."

सासरी घोडी आहे हे मला लग्न ठरताना कळलं होतं, पण ते मी फार मनावर घेतलं नव्हतं. आमच्या शाळेच्या तक्त्यावर घ घराचा होता, घोड्याचा नाही. इथं आले तर अंगणात पांढरी घोडी. वय झालेली, पाठीला किंचित बाक, पण डोळे असे की बघितलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. सासरे, त्यांना इथल्या रीतीप्रमाणे मी मामा म्हणते, लग्नसराईत तिला घेऊन आसपासच्या गावांत जात. नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या पारावर जायचा. बाकीच्या दिवसांत शेती. मी घोडीपासून चार हात लांबून जायची. पाण्याची बादलीसुद्धा काठीनं पुढं ढकलायची. ते काकांनी एकदा पाहिलं आणि पुढचे आठ दिवस मला विचारत होते, "सूनबाई, आज जेवण वाढलं का काठीनंच सरकवलं?"

काकांना माझ्या माहेरचं लय कौतुक. कौतुक म्हणजे थट्टाच. "समुद्राचं पाणी म्हणं दिवसातनं दोनदा माघारी जातं. कुणाचं उसनं आणलेलं असतंय का?" मी समजावून सांगायला लागले की ते दुसरंच विचारणार. "रातच्याला दार लावता का न्हाई समुद्राला? आमच्या दुधनेला तर वर्षातनं चार म्हैने पाणी दिसतं, बाकी आमी नुसती नदी म्हणतो, मानानं." मी हसायची, आणि घरात येऊन दाराची कडी पुन्हा एकदा बघायची. कडी बघायची मला सवयच आहे. लावली आहे हे माहीत असतं, तरी तीनदा बघते.

तर त्या वेळी मला इथं येऊन दोनच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सेलूजवळच्या एका गावात लग्न होतं, घोडी जायची होती. मामी, म्हणजे सासूबाई, बहिणीकडं बारशाला गेल्या होत्या, सकाळी परत येणार होत्या. नवरा मशीन घेऊन गंगाखेडकडं. घरात मामा आणि मी. संध्याकाळी मामांनी तंबाखूचा बार भरला आणि सायकलवर पाय टाकता टाकता मला म्हणाले, "सूनबाई, चंदी भिजू घाल बरं का. उद्या लग्न हाय. सकाळी मामी येस्तोवर घोडीपुढं टोपलं ठिवून दे."

चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. हे आज मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आमच्या घोडीची चंदी म्हणजे हरभऱ्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मऊ करून द्यायचा, कारण तिच्या दाढा झिजल्या आहेत. हे काम रोज मामी करायच्या, पहाटे, माझ्या उठण्याआधी. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आणि तो शब्दही मी जन्मात ऐकला नव्हता. तोंडात तंबाखू असलेल्या माणसाकडून मला ऐकू आलं, चांदी भिजू घाल.

मला ते पटलंही. उद्या लग्न आहे म्हणजे घोडीचे दागिने चमकायला हवेत. घोडीच्या कपाळावरची पट्टी, गळ्यातली साखळी, पायांतले तोडे, सगळं मी पेटीतून काढलं. घमेल्यात चिंच कोळली आणि रात्रभर चांदी भिजवली. सकाळी उठून राखेनं घासली. इतकी चमकली की मी मामी यायची वाट बघत दोनदा दारात जाऊन आले. कौतुक करून घ्यायची मला फार घाई होती.

टोपल्याचंही विसरले नाही. कोठीत भरड्याची आणि कोंड्याची पोती होती. दोन्हीतलं मापानं घेऊन कोरडंच टोपल्यात कालवलं आणि काठीनं घोडीपुढं सरकवलं.

रोज ओलं, गिळगिळीत खाणाऱ्या घोडीला ते वेगळं लागलं असणार, पण ती भुकेली होती. तिनं तोंड खुपसलं आणि भराभर खायला लागली. मी दागिने वाळत घालायला वळले. तेवढ्यात ठसक्यासारखा आवाज आला. मग पुन्हा. वळून बघते तर घोडीनं मान लांब ताणली होती, पुढं आणि खाली, जणू कोणी दोरीनं ओढतंय. गिळायला बघत होती आणि गिळता येत नव्हतं. तोंडातून लाळेच्या तारा. आणि मग दोन्ही नाकपुड्यांतून भुरकट फेस आला, त्यात भरड्याचे कण.

मी ओरडले ते आमच्या भाषेत ओरडले, त्यामुळे शेजारच्यांना आधी वाटलं भांडण चाललंय.

मामा धावत आले. त्यांच्या मागून शेजारचे आबा, आणि तेवढ्यात मामीही पिशवी घेऊन दारात. आबा म्हणाले, पोट फुगलंय, गोडं तेल पाजा. त्यांच्या गोठ्यात बैलांना औषध पाजायची बांबूची नळी होती, ती आणायला ते पळाले. मामी म्हणाल्या, दृष्ट. काल बारशात कोणीतरी घोडीचं नाव काढलं होतं. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्याचा धूर झाला, आणि आता घोडीबरोबर आम्हीही खोकायला लागलो. डोळे पुसत मामी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझे कोकणातले आठवण काढायलेत जणू, अन् ठसका लागायलाय घोडीला."

एरवी मी हसले असते. पण माझी नजर टोपल्यावर होती.

मला तेव्हाच कळलं होतं असं नाही. पण संशय आला होता, की हे त्या टोपल्यातलंच काहीतरी आहे आणि ते मी दिलंय. घोडी मेली तर? या घरात लग्नसराई तिच्यावर चालते. मामा तिच्याशी जितकं बोलतात तितकं मामींशीही बोलत नाहीत. आणि मी, दोन महिन्यांची सून, हजार कोसांवरून आलेली. मला परत पाठवतील, असंच मनात आलं. वडील स्टेशनवर घ्यायला येतील ते काय तोंड करून येतील, तेही दिसलं.

आबा नळी आणि तेलाची बाटली घेऊन आले. मामांनी घोडीचं डोकं वर धरलं. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "डोकं खाली सोडा! आधी खाली सोडा!"

काका. अंगात बनियन, एका गालाला दाढीचा साबण.

त्यांनी आबांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. "ही सूनबाईच्या भज्यांला. घोडीला एक थेंबबी न्हाई." मग घोडीजवळ गेले. घाई केली नाही. तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूनं वरून खाली हलका हात फिरवला आणि मध्येच थांबले. फेस बोटावर घेऊन चोळून बघितला.

"पोट न्हाई हे," ते म्हणाले. "पोट दुखणारं घोडं कुशीकडं बघतं, पाय झाडतं, लोळाया बघतं. ही बघा, मान लांबवायलीय, अन् नाकातनं दाणा यायलाय. नरड्याच्या खाली घास अडकलाय. आबा, आत दोन नळ्या असत्यात. एक वाऱ्याची, एक चाऱ्याची. चाऱ्याची बंद हाय, वाऱ्याची चालू हाय, म्हणून तर उभी हाय. वरून तेल वतलं तर खाली जायला वाट न्हाई, ते जाईल वाऱ्याच्या नळीत. मग आज वाचली तरी चार दिसांनी फुफ्फुसानं जाईल."

"मग वकून टाकंल की ती," आबा म्हणाले.

"घोडं वकत न्हाई. देवानं तेवढी सोय केली न्हाई त्याची. पाण्याची बादली उचला, टोपलं उचला, खाली पडलेला कडबाबी झाडून काढा. तोंडात काही जाता कामा नये." त्यांनी खिशातून मोबाइल काढून तालुक्याच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. मग आमच्याकडं वळले. "मॅडम विचारायल्यात, काय खाल्लं हिनं?"

"रोजचंच," मामा म्हणाले. "भरडा अन् कोंडा. रातभर भिजलेला."

काकांनी बोटं पुन्हा चोळली. "हे तर कोरडं लागायलंय. भिजवला कुणी व्हता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तेव्हा गप्प बसता आलं असतं. भिजवला होता, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. टोपलं मामांनी घाईत, आत न बघताच उचलून कोठीत नेलं होतं, कोण बघणार होतं? पण फोनवर मॅडम थांबल्या होत्या आणि घोडी त्या लांब केलेल्या मानेनं माझ्याचकडं बघत होती.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही चांदी भिजव म्हणालात ना?"

"चंदी! चंदी म्हणलो मी!"

"मला चांदी ऐकू आलं."

"मग?"

"मग चांदी भिजवली. चिंचेत."

मी दोरीवर वाळत घातलेल्या दागिन्यांकडं बोट केलं. सकाळच्या उन्हात ते लखलखत होते. मामींनी पदर तोंडाला लावला. मामांचा चेहरा लाल झाला, आणि आता काय ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटले.

पहिला आवाज आला तो काकांच्या हसण्याचा. मोठ्यानं नाही, घोडी बिचकेल म्हणून दाबून, खांदे हलवत. "मालक," ते मामांना म्हणाले, "तमाखू थुकून बोलत जावा. उद्या घरात 'पेंड आण' म्हणाल अन् पोरगी बेंडबाजा आणून उभा करंल दारात." आबा हसले. मामी पदराआड हसल्या. मामा हसले नाहीत, पण बाजूला जाऊन तोंडातला बार थुंकून आले.

मग काका फोनवर मॅडमना म्हणाले, "कोरडा भरडा अन् कोरडा कोंडा हाय, मॅडम. म्हातारी घोडी, दाढा झिजल्यात, भराभर खाल्लंय. नळी घेऊनच या." फोन ठेवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई खरं बोलली ते बरं झालं. न्हाईतर मॅडम पोटाची औषधं घेऊन आल्या असत्या अन् नळीसाठी पुन्हा माघारी गेल्या असत्या." आणि मग माझ्याकडं बघून, "आता शिक्षा. ज्यानं चांदी भिजवली त्यानं दोर धरायचा."

चार हात लांबून जाणारी मी, घोडीच्या तोंडाशी उभी राहिले. दोर आखूड, तिचं डोकं माझ्या गुडघ्यापर्यंत खाली. फेस माझ्या साडीवर गळत होता. काकांनी सांगितलं, डोकं वर करू द्यायचं नाही, म्हणजे जे बाहेर येतंय ते बाहेरच येईल, आत जाणार नाही. आणि ओढायचं नाही, घाबरवायचं नाही.

"मीच घाबरलेय काका."

"मग बोलत ऱ्हा. माणूस बोलायला लागला की घाबरायचं ऱ्हाऊन जातं. समुद्राचं सांग. ते पाणी माघारी काहून जातं म्हणालीस?"

मॅडमना यायला तासभर लागला. तो तासभर मी समुद्राचं बोलले. भरती-ओहोटी सांगितली, पाणी ओसरल्यावर वाळूत राहणारी नक्षी सांगितली, पावसाळ्याआधी होड्या वर ओढून घेतात आणि नारळ वाहिल्याशिवाय परत सोडत नाहीत ते सांगितलं. वास सांगता येईना. काका मध्येच विचारायचे, "घोडं घेऊन गेलं तर पिईल का पाणी?" मी म्हणायची, खारट असतं. "मग एवढं साठवलंय कशाला?" घोडी मधूनच खोकायची, गिळायला बघायची, पुन्हा शांत व्हायची. तिच्या कानांची टोकं माझ्याकडं वळली होती.

"बघ, तिला आवाज बरा वाटायलाय तुझा," काका म्हणाले. "तिनंबी समुद्र पाह्यला न्हाई."

दोन महिन्यांत मला इतकं बोलू दिलेलं ते पहिल्यांदाच. ऐकणारा चेष्टा करत होता, पण ऐकत होता.

मॅडम आल्या त्या स्कूटीवरून, पुढं पायाशी बादली. त्यांनी घोडीला झोपाळू करणारं इंजेक्शन दिलं. तिचं डोकं आणखी खाली लोंबलं, आता त्याचं सगळं ओझं माझ्या हातावर. मग नाकातून लांब नळी हळूहळू आत सोडली. एका जागी ती अडली. त्या म्हणाल्या, जोर करायचा नाही, आतून फाटतं. काका कोमट पाणी थोडं थोडं सोडत होते, मॅडम ते परत बाहेर येऊ देत होत्या. आत, बाहेर. आधी नुसतं गढूळ पाणी. मग कोंडा. मग भरड्याचा चिकट लगदा, माझ्या पायांवर. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, माझे हात बधिर झाले होते. एकदम नळी पुढं सरकली. मॅडमनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "गेली पोटात."

घोडीनं लांब श्वास सोडला. मी पण. काका म्हणाले, "दोघींच्या नरड्यात एकच घास अडकला व्हता म्हणायचा."

त्या दिवशी घोडी लग्नाला गेली नाही. नवरदेव बुलेटवरून पारावर गेला, आणि त्याचे मित्र त्यातच जास्त खूश होते असं कळलं. पुढचे कितीतरी दिवस तिला पातळ, भिजवलेलंच द्यायचं होतं, आणि छातीत काही उतरलं नाही ना ते बघायचं होतं. खोकला, ताप, नाकातून घाण पाणी, श्वासाची घाई, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन. ते बघायचं काम माझ्याकडं आलं. कडी तीनदा बघणाऱ्या बाईला हे काम देणं म्हणजे काय ते मॅडमना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच मला म्हणाल्या, दर अर्ध्या तासाला फोन नका करू. नंतर त्यांनी येऊन कानशीनं घोडीच्या दाढांच्या टोचणाऱ्या कडाही घासून दिल्या.

मामा आठ दिवस माझ्याशी जपून बोलत होते. रागानं नाही. बोलायच्या आधी तंबाखू थुंकायला जात होते. नवव्या दिवशी चहा पिता पिता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "चांदी मातर झकास निघाली." एवढंच. तेव्हापासून लग्नाच्या आदल्या रात्री घरात दोन घमेली भरतात, एक चंदीचं, एक चांदीचं, आणि दोन्ही माझ्याकडं आहेत. गल्लीत मला सोनारीण म्हणतात. नवरासुद्धा.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. घोडी आता जवळच्याच वराती करते. चंदी मी बोटानं दाबून बघते. दाणा पिचला तरच टोपलं पुढं करते, काठीनं नाही, हातानं.

काकांना काही द्यायला गेलं तर घेत नाहीत. साडीच्या पदराखाली माहेरचे काजू नेले तर म्हणाले, "भिजवलेत का?" पण परवा ओट्यावर बसून त्यांनी गुडघे चोळत सहज विचारलं, तिकडं जायला गाडी कुठं बदलावी लागते. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे ते लक्षात ठेवत होते. आयुष्यभर जनावरांच्या खाली बसलेला हा माणूस परभणी जिल्ह्याच्या बाहेर दोनदाच गेला आहे, दोन्ही वेळा कामासाठी.

म्हणून हे लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस मी काकांना समुद्र दाखवणार आहे. ओहोटीच्या वेळी घेऊन जाईन, वाळूवर बसवीन आणि काही समजावून सांगणार नाही. पाणी परत येईल तेव्हा त्यांनीच बघायचं, कुणाचं उसनं होतं ते. तोवर काका, तेल गुडघ्यांना लावत जा. बाटली अजून माझ्याकडंच आहे.